मंत्र्यांचा प्राप्तिकर कोणाच्या खात्यावर?

व्यापारी घराण्यांच्या वहीत एक खाते असे असते, की ज्याची घरात फारशी चर्चा होत नाही, पण वर्षाअखेरीस त्याच्याकडे पाहिल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. ते म्हणजे मालकाचे उचल खाते. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कम, मुलांच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता, लग्नकार्याचा आहेर, हे सारे त्या खात्यावर पडते. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, विजेचे बिल आणि मालाची हमाली हा धंद्याचा खर्च. मालकाने स्वतःसाठी नेलेले ते मात्र उचल. ही रेघ ज्या पेढीत स्पष्ट असते ती पेढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि जिथे ती पुसट होते तिथे भागीदारांत भांडणे लागतात, हा व्यापारी समाजाचा जुना अनुभव आहे.

मालकाचा स्वतःचा प्राप्तिकर याच खात्यावर टाकावा लागतो. तो दुकानाच्या बँक खात्यातून भरला तरी धंद्याचा खर्च ठरत नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४० ने तशी वजावट स्पष्टपणे नाकारलेली होती. एखाद्या नवख्या मुनिमाने तो नफातोटा पत्रकात खर्च म्हणून लिहिलाच, तर सीए त्यावर लाल पेन्सिलीने खूण करून तो परत भांडवल खात्याकडे पाठवतो. मिळकत ज्याची, कर त्याचा, आणि तो भरायचा त्याच्याच हिश्श्यातून, इतका हा नियम साधा आहे.

देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या राज्यात हा साधा नियम मंत्रिमंडळापुरता तब्बल ३८ वर्षे बाजूला ठेवला गेला होता. तेथील मंत्र्यांच्या वेतनावरचा प्राप्तिकर राज्याच्या तिजोरीतून भरला जात असे, आणि हे सारे रीतसर कायद्याने होत असे.

१९८१ चा कायदा

उत्तर प्रदेशात विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये मंत्र्यांचे वेतन, भत्ते आणि इतर बाबींविषयीचा कायदा संमत झाला. मंत्र्याला दरमहा १,००० रुपये वेतन मिळावे आणि त्या वेतनावर येणारा कर त्यात धरला जाऊ नये, तो राज्याने सोसावा, अशी त्यात तरतूद होती. बहुतेक मंत्री साध्या परिस्थितीतून आलेले असून त्यांचे उत्पन्न तुटपुंजे आहे, असे त्यामागचे कारण सांगितले गेले.

त्या काळाच्या मापाने पाहिले तर हे कारण अगदीच हास्यास्पद म्हणता येणार नाही. महिना १,००० रुपये म्हणजे वर्षाचे १२,००० रुपये. त्या वेळच्या करमुक्त मर्यादेच्या आसपासचीच ही रक्कम होती. तिजोरीवर पडणारा भार त्यामुळे नाममात्र होता. परंतु तात्पुरत्या गरजेपोटी दिलेल्या सवलतीची मुदत कायद्यात लिहिलेली नसेल तर ती गरज संपल्यावरही चालूच राहते. येथेही तेच घडले. वेतन वाढले, भत्ते वाढले, २०१९ पर्यंत मंत्र्याची मासिक प्राप्ती भत्त्यांसह दीड लाख रुपयांच्या वर गेली. मात्र 'उत्पन्न तुटपुंजे' हे गृहीत जागचे हलले नाही. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ मधील निकालानंतर उमेदवारांना आपल्या संपत्तीचे शपथपत्र देणे भाग पडू लागले होते. त्या शपथपत्रांतून कोट्यवधींची मालमत्ता असलेल्या नेत्यांची नावे दर निवडणुकीत वृत्तपत्रांत छापून येत होती, आणि त्यांपैकी जे मंत्री होत त्यांचाही कर तिजोरी भरतच होती.

या ३८ वर्षांत काँग्रेस, जनता दल, समाजवादी पक्ष, बहुजन समाज पक्ष आणि भारतीय जनता पक्ष अशा पाच पक्षांचे मुख्यमंत्री त्या राज्याने पाहिले. एकमेकांचे बहुतेक निर्णय फिरवणाऱ्या या सरकारांपैकी एकालाही ही तरतूद फिरवावीशी वाटली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने ही गोष्ट उजेडात आणली. त्या वर्षीचे कराचे बिल सुमारे ८६ लाख रुपयांचे असल्याचे त्यातून कळले. लोकांत चर्चा सुरू होताच, १३ सप्टेंबर २०१९ रोजी राज्य सरकारने जाहीर केले, की यापुढे मुख्यमंत्री आणि मंत्री आपला कर स्वतः भरतील. जी गोष्ट ३८ वर्षांत झाली नाही ती बातमी छापून आल्यावर लगेच झाली.

सूट नव्हे, भरपाई

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. राज्य सरकारला आपल्या मंत्र्यांना प्राप्तिकर माफ करता येतच नाही. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर हा आपल्या संविधानाप्रमाणे केंद्राच्या सूचीतील विषय आहे. राज्याच्या हाती आहे ते मंत्र्यांचे वेतन ठरवण्याचे अधिकार. संविधानाच्या अनुच्छेद १६४ ने ते विधिमंडळाला दिले आहेत. त्यामुळे राज्यांनी माफीऐवजी दुसरी वाट काढली. कर केंद्राला पुरेपूर भरायचा, पण तो मंत्र्याच्या खिशाऐवजी राज्याच्या खजिन्यातून. कागदोपत्री मंत्री करदाताच राहतो. त्याच्या नावाचे विवरणपत्र जाते, कर भरल्याची नोंदही होते. फक्त पैसे दुसऱ्याचे असतात.

ते दुसरे कोण, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. राज्याच्या तिजोरीत येणारा पैसा जीएसटीतील राज्याच्या वाट्याचा, मुद्रांक शुल्काचा, वाहनकराचा आणि पेट्रोल-डिझेलवरील करांचा असतो. साबणाच्या वडीवर कर देणारी मजूर स्त्री आणि रिक्षात इंधन भरणारा चालक यांच्याकडून गोळा झालेल्या रकमेतून मंत्र्याचा कर भरला जात होता. प्राप्तिकराच्या मर्यादेतही न येणाऱ्या माणसाने प्राप्तिकर भरण्याजोगे उत्पन्न असलेल्या माणसाचा कर भरावा, असा याचा सरळ अर्थ होतो.

हाच व्यवहार खासगी पेढीत झाला असता तर कायद्याने त्याकडे कसे पाहिले असते? समजा, एखाद्या कापड व्यापाऱ्याने आपल्या जुन्या विश्वासू व्यवस्थापकाला सांगितले, की 'तुमचा पगार पूर्ण तुमच्या हातात येईल, त्यावरचा कर पेढी भरेल.' अशा वेळी पेढीने भरलेली कराची रक्कमदेखील त्या व्यवस्थापकाचे उत्पन्न समजली जाते. कर्मचाऱ्याचे देणे मालकाने फेडले तर ती करपात्र सवलत, ज्याला करकायद्यात 'पर्क्विझिट' म्हणतात, ती ठरते. म्हणजे भरलेल्या करावर पुन्हा कर. ३० टक्क्यांच्या टप्प्यात व्यवस्थापकाच्या हाती निव्वळ १०० रुपये पडावेत अशी इच्छा असेल, तर अधिभार व उपकर सोडूनही पेढीला सुमारे १४३ रुपये खर्चावे लागतात. व्यापारी हा खर्च आपल्या नफ्यातून करतो, म्हणून तो दहा वेळा विचार करतो. तिजोरीतून खर्च करणाऱ्याला तो विचार करण्याची गरज पडत नाही.

एकटे उत्तर प्रदेश नव्हे

उत्तर प्रदेशाचे उदाहरण गाजले, तरी ही प्रथा तेथेच होती असे नाही. पंजाबात मंत्र्यांचा प्राप्तिकर सरकार भरत असे. मार्च २०१८ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने तो मंत्र्यांनी स्वतः भरावा असा निर्णय घेतला. हिमाचल प्रदेशात २०२२ मध्ये तसेच पाऊल उचलले गेले. मध्य प्रदेशात १९७२ पासून चालत आलेला नियम जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत रद्द करण्याचे ठरले. अर्धशतकाहून अधिक काळ तो नियम तेथे नांदला.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. या तरतुदी भ्रष्टाचाराच्या नव्हत्या. कोणी पैसे लपवले नव्हते, खोटी बिले केली नव्हती. विधिमंडळात विधेयक मांडले गेले, हात वर झाले, राजपत्रात छापले गेले. लेखापरीक्षकाने वही तपासली तरी त्याला आक्षेप घेता आला नसता, कारण खर्चाला कायद्याचा आधार होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्हाउचरवर सही अधिकृत होती. मात्र बँकेतला कोणताही अधिकारी स्वतःचे कर्ज स्वतः मंजूर करू शकत नाही. मागणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, हा तेथील पहिला धडा असतो. येथे सवलत मागणारे, मंजूर करणारे आणि घेणारे एकाच सभागृहात बसलेले होते.

दिल्लीतील तरतुदी

केंद्राच्या पातळीवर खासदार व मंत्री आपल्या वेतनावर प्राप्तिकर भरतात, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. 'नेत्यांना कर नाहीच' असे जे सरसकट बोलले जाते ते खरे नाही. तथापि वेतनाभोवतीच्या काही रकमा कराबाहेर ठेवलेल्या आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १०(१७) ने संसद सदस्य आणि आमदार यांचा दैनिक भत्ता तसेच मतदारसंघ भत्ता करमुक्त केला. केंद्रीय मंत्र्यांना मिळणाऱ्या विनाभाडे सुसज्ज निवासस्थानाचे मूल्यही त्यांच्या वेतनविषयक कायद्याने करपात्र उत्पन्नातून वगळले आहे.

भत्त्याच्या बाजूने एक युक्तिवाद नक्कीच आहे. मतदारसंघात फिरण्याचा, लोकांना भेटण्याचा खर्च हा कर्तव्याचा खर्च आहे. त्यावर कर कशाला? युक्तिवाद रास्त आहे. नोकरदारांनाही कर्तव्यासाठी मिळालेल्या भत्त्यावर सूट मिळत आली आहे. फरक एवढाच, की नोकरदाराच्या बाबतीत कायदा म्हणतो, प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढीच सूट, उरलेले करपात्र. लोकप्रतिनिधींच्या कलमात ही अट घातलेली नव्हती. फिरतीच्या विक्री प्रतिनिधीला जो हिशेब द्यावा लागतो तो त्याला पगार देणाऱ्या व्यापाऱ्याला परिचयाचा आहे. तोच हिशेब कायदा करणाऱ्यांनी स्वतःकडे मागितला नाही.

निवासस्थानाचा फरक आणखी ठळक आहे. कंपनीने किंवा बँकेने अधिकाऱ्याला राहायला घर दिले तर त्याचे मूल्य ठरवून ते त्याच्या पगारात मिळवले जाते आणि त्यावर टीडीएस कापला जातो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांची याचिका फेटाळताना हेही कायम केले, की कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजदराने मिळणारे कर्ज हीसुद्धा करपात्र सवलत आहे. स्टेट बँकेच्या दराशी तुलना करून जो फरक निघेल तो उत्पन्नात धरावा. निकाल कायद्याला धरून आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. लिपिकाच्या गृहकर्जावरील व्याजाचा फरक पैशापर्यंत मोजणाऱ्या कायद्याने मंत्र्याच्या बंगल्याचे मूल्य मात्र मोजायचे नाही असे ठरवले आहे, ही विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही.

योग्य सूट आणि अयोग्य सूट

प्रत्येक सूट अन्यायाची असते असे मानणे चुकीचे ठरेल. संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्ये कर लावू शकत नाहीत, आणि अनुच्छेद २८९ प्रमाणे राज्याच्या मालमत्तेवर व उत्पन्नावर केंद्र सर्वसाधारणपणे कर लावत नाही. एका सरकारने दुसऱ्यावर कर लावला तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार. त्यात जनतेचे हित नाही. ही सूट संस्थेला आहे, व्यक्तीला नाही.

न्यायाधीशांच्या निवासस्थानाच्या व वाहनाच्या सोयीलाही कायद्याने करसवलत दिली आहे. तिच्या योग्यायोग्यतेवर मतभेद असू शकतात, तरी निदान ती देणारी संसद आहे आणि घेणारी न्यायसंस्था. देणारा हात वेगळा, घेणारा वेगळा.

यावरून कोणतीही सवलत पारखण्यासाठी तीन साधे प्रश्न विचारता येतात. ती पदाच्या कामासाठी आहे की व्यक्तीच्या खिशासाठी? ती देणारा आणि घेणारा वेगवेगळे आहेत काय? तिला मुदत आणि जाहीर हिशेब आहे काय? १९८१ चा कायदा या तिन्ही प्रश्नांना उतरत नाही. मंत्र्यांचे वेतन खरोखरच अपुरे होते, तर ते उघडपणे वाढवता आले असते. प्रामाणिक पण गरीब माणसाला राजकारणात टिकता यावे यासाठी पुरेसे वेतन असणे लोकशाहीच्या हिताचेच आहे. वाढलेले वेतन सर्वांना दिसते, त्यावर टीका होते, उत्तर द्यावे लागते. कर परस्पर भरण्याची तरतूद मात्र कोणाला दिसत नाही, आणि करांचे दर वाढले तरी त्याची झळ दर ठरवण्यात ज्यांचा आवाज आहे त्यांना लागत नाही.

इतर देशांचा अनुभव

सत्ता आणि करमाफी यांची जोडी आपल्याच देशात जन्मली असे नाही. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये 'ताय' नावाचा प्रमुख प्रत्यक्ष कर सरदारांना आणि धर्मगुरूंना लागू नव्हता. राजाच्या दरबारातील काही पदे विकत मिळत आणि त्या पदाबरोबर सरदारकी व करमाफीही मिळे. त्यामुळे संपन्न व्यापारी नफा धंद्यात गुंतवण्याऐवजी अशी पदे विकत घेऊ लागले. जो जो श्रीमंत झाला तो तो करदात्यांच्या यादीतून निघून गेला आणि कराचा बोजा शेतकऱ्यावर साचत गेला. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने हे विशेषाधिकार रद्द ठरवले, पण तोपर्यंत खजिना रिकामा आणि जनता प्रक्षुब्ध झाली होती. करमाफी विकत मिळू लागली की उद्योजकतेचीही हानी होते, हा व्यापारी समाजासाठी त्यातला विशेष बोध आहे.

अमेरिकेने शांततेचा मार्ग काढला. तेथे दीर्घकाळ राज्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर केंद्राचा आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर राज्यांचा प्राप्तिकर लागत नसे. सरकारने सरकारवर कर लावू नये, या तत्त्वाचा फायदा नोकरांच्या खिशापर्यंत पोचला होता. १९३९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही सूट अमान्य केली आणि त्याच वर्षी संसदेनेही तसा कायदा केला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या पगारावरील कराचाही प्रश्न आला. न्यायाधीश हेही नागरिकच आहेत, तेव्हा सर्वांना लागू असलेला कर त्यांनी भरल्याने त्यांच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही, अशी भूमिका न्यायाधीशांनी स्वतः घेतली. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांना कायद्याने प्राप्तिकर भरण्याचे बंधन नव्हते. १९९३ पासून त्यांनी तो स्वेच्छेने भरण्यास सुरुवात केली.

रक्कम लहान, प्रश्न मोठा

उत्तर प्रदेशाचा २०१९-२० चा अर्थसंकल्प सुमारे ४ लाख ७९ हजार कोटी रुपयांचा होता. त्यापुढे ८६ लाख म्हणजे समुद्रात थेंब. म्हणूनच कदाचित ३८ वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि म्हणूनच 'एवढ्याशा रकमेचे काय' असे म्हणणारेही भेटतात. परंतु रोकड मोजताना दहा रुपयांचा फरक आला तरी बँकेत तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे, ते दहा रुपयांसाठी नव्हे. फरक चालतो हे एकदा मान्य झाले की वहीवरचा विश्वास उडतो, म्हणून.

करव्यवस्थेचेही तसेच आहे. दर तिमाहीला अग्रिम कर भरणारा, महिन्याच्या २० तारखेपूर्वी जीएसटीचे विवरणपत्र जावे म्हणून रात्री उशिरापर्यंत बसणारा, एका दिवसाच्या उशिरासाठी विलंब शुल्क निमूटपणे देणारा व्यापारी हे सारे केवळ दंडाच्या भीतीने करत नाही. आपल्याप्रमाणे इतरही भरत आहेत, ही त्याची समजूत असते. ती समजूत तुटली तर 'बिलाशिवाय द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देण्याचे नैतिक बळ कमी होते. घरातील तरुण मुलगा विचारतो, 'कायदा करणारेच भरत नाहीत, तर आपण का भरायचे?' त्याला उत्तर देणे वडिलांना अवघड जाते. तिजोरीचे खरे नुकसान त्या ८६ लाखांत नसून अशा अनुत्तरित प्रश्नांत आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर असे, की दुसऱ्याने वही चुकीची लिहिली म्हणून आपली वही बिघडवायची नसते; त्याची चूक दाखवून द्यायची असते. त्यासाठी साधने हाताशी आहेत. राज्याचा अर्थसंकल्प व मागण्यांची पुस्तके सर्वांना पाहता येतात. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साध्या अर्जावर दहा रुपये शुल्क भरून कोणत्या पदाधिकाऱ्याचा कोणता खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो हे विचारता येते. आकड्यांशी आयुष्यभर व्यवहार करणाऱ्या समाजाने ते वाचायचे ठरवले, तर त्याच्याइतका योग्य वाचक दुसरा नाही. व्यापारी संघटना दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी करांचे दर कमी करण्याची निवेदने देतात. त्या निवेदनांत एक ओळ अशीही असावी, की लोकप्रतिनिधींच्या वेतनाचा आणि सवलतींचा निर्णय त्यांच्याखेरीज एखाद्या स्वतंत्र मंडळाकडे सोपवावा.

उत्तर प्रदेश, पंजाब, हिमाचल आणि मध्य प्रदेश येथे जे बदलले ते कोणत्याही आंदोलनाशिवाय, एकही दगड न उचलता बदलले. कोणीतरी जुना कायदा काढून वाचला, आकडा विचारला आणि तो जाहीर केला. मंत्र्याचा कर अखेर तिजोरीच्या खर्चातून निघून मंत्र्याच्या स्वतःच्या खात्यावर आला. दुकानातला मुनीम ही दुरुस्ती एका नोंदीत करतो.